कुत्र्या-मांजरांसाठी विकत मिळणाऱ्या कच्च्या अन्नात पोषण किती असतं?

पुण्यातल्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. घरात सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर आणि तीन वर्षांची मांजर. एका विक्रेत्याकडून गोठवलेल्या कच्च्या चिकन-मिश्रणाची एकूण दहा किलो पाकिटं आणून फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. पाकिटावर ‘८०:१०:१०’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘संपूर्ण आहार’ असं छापलंय. शेजारच्यांच्या कुत्र्याचे केस या अन्नाने चमकायला लागले, शी कमी झाली. मग कोरड्या दाण्यांपेक्षा हे खरंच जास्त पौष्टिक असतं का, आणि दोघांना सुरू करावं का?

निर्णय आधी सांगते, कारणं नंतर. पिल्लाला आत्ता सुरू करू नका. मांजरीला तर कच्चं मुळीच देऊ नका. आता पौष्टिकतेचं. प्रथिनं भरपूर आणि पचायला सोपी, एवढ्यापुरता विक्रेत्याचा दावा खरा आहे. खनिजं आणि जीवनसत्त्वं यांच्याबाबतीत मात्र अशी बरीच पाकिटं लंगडी पडतात. ती कमतरता मांस कच्चं असल्यामुळे येत नाही आणि शिजवल्यामुळे जातही नाही. मिश्रण कोणी, कशाच्या आधारावर बसवलं यावर ती ठरते. दवाखान्यात माझा बराच वेळ हा एकच मुद्दा समजावण्यात जातो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

८०:१०:१० म्हणजे ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड आणि दहा टक्के अवयव, त्यातली निम्मी कलेजी. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून कच्च्या मांस-हाडांच्या आहाराचा जोरदार पुरस्कार केला. त्यानंतर या विचाराला ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेत मोठा बाजार मिळाला आणि अलीकडच्या काळात तो आपल्या शहरांतही आला. कल्पना अशी की रानातला प्राणी शिकार खातो, तर आपण शिकारीची नक्कल करावी. पण शिकार अख्खी खाल्ली जाते. तिच्यात रक्त असतं, मेंदू, डोळे, आतडी, कातडी, पिसं, चरबीचे साठे असतात. ब्रॉयलरची छाती, तंगडी, सांगाडा आणि थोडी कलेजी एकत्र दळली की त्यातलं बरंच काही गळतं. आणि मुळात ८०:१०:१० हे शरीराच्या भागांचं प्रमाण आहे. ताटात दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि एक भाजी आहे एवढं सांगितल्याने त्यात लोह किती हे जसं कळत नाही, तसं या आकड्यावरून जस्त किती, आयोडीन किती हे कळत नाही.

नुसत्या चिकनवर बसवलेलं असं मिश्रण कुठे कमी पडतं ते हिशेबाने पाहू. तुलनेसाठी अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेची प्रौढ कुत्र्यांसाठीची किमान पातळी घेते. तिचे आकडे पाणी वगळून, म्हणजे शुष्क पदार्थाच्या किलोमागे दिलेले असतात. जस्त ८० मिलिग्रॅम हवं. कच्च्या चिकनमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम जस्त असतं. पाणी वगळून हिशेब केला तर किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम भरतं. हाड आणि कलेजी थोडी भर घालतात, पण खड्डा पुरता बुजत नाही. मँगनीज ५ मिलिग्रॅम हवं, तर मांसातून ते एक मिलिग्रॅमच्या आसपासच मिळतं. ई जीवनसत्त्व ५० एकक हवं, चिकनमधून त्याचा चौथा हिस्सा कसाबसा येतो. त्यात चिकनची चरबी लवकर खवट होणारी. फ्रीझरमध्ये ही क्रिया मंदावते, थांबत नाही, आणि तिला आवर घालण्यातही ई जीवनसत्त्वच खर्ची पडतं. ‘ओमेगा-३ साठी’ म्हणून वर माशाचं तेल घातलं की ई जीवनसत्त्वाची गरज आणखी वाढते. विक्रेते तेल हमखास घालतात, ई जीवनसत्त्व क्वचित.

तांब्याची गोष्ट तर मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या आहाराचे बहुतेक कोष्टक परदेशात गाईच्या कलेजीवर बेतलेले आहेत. गाईच्या कलेजीत शंभर ग्रॅममागे जवळजवळ १० मिलिग्रॅम तांबं असतं, मेंढीच्या कलेजीतही बरंच असतं. कोंबडीच्या कलेजीत ते फक्त अर्ध्या मिलिग्रॅमच्या घरात असतं. आपल्याकडचा विक्रेता तेच पाच टक्क्यांचं कोष्टक उचलतो आणि स्वस्त, सहज मिळणारी कोंबडीची कलेजी घालतो. हवं असतं शुष्क पदार्थाच्या किलोमागे ७.३ मिलिग्रॅम, भरतं साधारण तीन. कागदावर ‘कलेजी ५%’ दोन्हीकडे सारखीच दिसते. उलट दिशेचा धोकाही आहे. मटणाची किंवा म्हशीची कलेजी आवडते म्हणून रोज वाटीभर देणारे लोक असतात. तिच्यात अ जीवनसत्त्व प्रचंड असतं. वर्षानुवर्षं कलेजीवर वाढलेल्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून मान ताठ होते, हे फार पूर्वीपासून नोंदवलेलं आहे.

आयोडीन आणि ड जीवनसत्त्व यांचं थोडक्यात. मांसात आयोडीन जवळजवळ नसतं, ते बाहेरूनच घालावं लागतं. कुत्री-मांजरं आपल्यासारखी उन्हात बसून पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करू शकत नाहीत, त्यामुळे तेही अन्नातूनच यायला हवं. कधीकधी मात्र उलटं होतं. म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या गळ्याकडचा भाग दळताना थायरॉइडची ग्रंथीही त्यात जाते, आणि कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं. कुत्रा वाळतो, अस्वस्थ होतो, छाती धडधडते. अन्न बदललं की काही आठवड्यांत आकडे जागेवर येतात. अशा रुग्णांची वर्णनं जर्मनी आणि अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी प्रसिद्ध केली आहेत.

आता कॅल्शियम. तुमच्या पिल्लासाठी सगळ्यात नाजूक मुद्दा हाच. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या साधारण वीसपट फॉस्फरस असतं. चिकनमध्ये शंभर ग्रॅममागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर २०० मिलिग्रॅम फॉस्फरस. शरीराला कॅल्शियम फॉस्फरसाइतकं किंवा त्याच्या दुपटीपर्यंत लागतं. हा तोल हाडाने साधायचा असतो. पण ‘दहा टक्के हाड’ म्हणजे नक्की काय? ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो. त्याचं हाड कोवळं, मऊ, मगजाने आणि पाण्याने भरलेलं. जून बकऱ्याच्या नळीच्या हाडात त्याच्या दुप्पट-तिप्पट कॅल्शियम असू शकतं. शिवाय बरेच जण मांस चिकटलेला सांगाडाच ‘हाड’ म्हणून वजनात धरतात, तेव्हा खरं हाड दहा टक्क्यांपेक्षा बरंच कमी असतं. माझ्या हिशेबाने त्याच एका लेबलाखाली शुष्क पदार्थात एक टक्क्यापासून चार टक्क्यांपर्यंत कितीही कॅल्शियम निघू शकतं.

प्रौढ कुत्रा इतका चढउतार काही प्रमाणात सोसतो. त्याच्यासाठी किमान ०.५ आणि कमाल २.५ टक्के अशी ऐसपैस मर्यादा आहे. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी मात्र किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के. एवढ्या अरुंद वाटेने चालायचं तर दर खेपेची तपासणी हवी. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं अन्नात जास्त तेवढं शरीरात जास्त जातं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथे हाझेविंकेल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर काम केलं. जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांत हाडांच्या वाढीचे आणि सांध्यांच्या कूर्चेचे दोष दिसले. कमी पडलं तर दुसरंच संकट. शरीर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढत राहतं, हाडं पातळ होतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. यात पालकांची फसगत कुठे होते तर रक्ततपासणीत. कॅल्शियम ‘नॉर्मल’ येतं, कारण ते नॉर्मल ठेवण्यासाठीच हाडं झिजत असतात. ‘डॉक्टर, रिपोर्ट तर चांगला आहे’ असं सांगत आलेल्या पिल्लाच्या एक्स-रेमध्ये हाडं जेमतेम दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं दुखणं आहे.

लॅब्रॅडॉरची उंची साधारण वर्षभरात पूर्ण होते, भरणं पुढेही चालू राहतं. म्हणून तुमच्या पिल्लाच्या बाबतीत माझं ‘नको’ ठाम आहे.

लेबल कसं वाचायचं तेही शिकून घ्या, कारण विक्रीची निम्मी भाषा त्या आकड्यांवर चालते. समजा कच्च्या पाकिटावर प्रथिनं १४ टक्के, स्निग्ध पदार्थ १२ टक्के, पाणी ७० टक्के असं लिहिलंय. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर प्रथिनं २४, स्निग्ध पदार्थ १२, पाणी १०. पहिल्या नजरेला दाणे वरचढ वाटतात. पाणी वगळा, तर कच्च्यात प्रथिनं ४७ टक्के आणि दाण्यांत २७ टक्के. विक्रेता इथे थांबतो. तुम्ही एक पाऊल पुढे जा आणि हजार कॅलरीमागे हिशेब करा, कारण प्राणी किलोवर जगत नाही, कॅलरीवर जगतो. प्रथिनं आणि पिठूळ पदार्थांना ग्रॅममागे साडेतीन, स्निग्धाला साडेआठ कॅलरी धरा. आता कच्च्यात हजार कॅलरीमागे प्रथिनं साधारण ९० ग्रॅम, दाण्यांत ७०. फरक राहिला, पण आधी वाटला तेवढा नाही. स्निग्ध पदार्थ मात्र कच्च्यात ७८ ग्रॅम आणि दाण्यांत ३५. म्हणजे त्या ‘प्रथिनयुक्त’ पाकिटातल्या कॅलरींपैकी दोन तृतीयांश चरबीतून येतात. केस चमकतात ते यामुळे. दाण्यांवर चमचाभर तेल घातलं तरी चमकतात. ज्या कुत्र्याला आधी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलीय किंवा जो लठ्ठ आहे, त्याच्यासाठी एवढी चरबी धोक्याची.

याच हिशेबातून आणखी एक त्रुटी उघडी पडते. आफकोची किमान पातळी शुष्क पदार्थाच्या किलोमागे ४००० कॅलरी धरून ठरवलेली आहे. चरबीयुक्त कच्च्या अन्नात ५००० च्या वर कॅलरी असतात. प्राणी मग वजनाने कमी खातो, आणि खनिजंही तेवढीच कमी मिळतात. जस्त किलोमागे ८० मिलिग्रॅम भरलं तरी अशा अन्नात ते अपुरंच.

शी कमी होण्याबद्दल. मांस आणि चरबी जवळजवळ पूर्ण पचतात आणि तंतू नसतात, म्हणून मागे फारसं उरत नाही. ही पचनाची चांगली खूण आहे हे मान्य, पण त्यावरून जस्त किंवा ई जीवनसत्त्व पुरेसं आहे असं ठरत नाही. शी पांढरी, भुसभुशीत, खडूसारखी होत असेल आणि कुत्रा कुंथत असेल तर हाड जास्त झालंय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेत २००० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. काही मांजरांना अख्खा ससा हाडा-अवयवांसकट दळून कच्चा दिला, बाकीच्यांना नेहमीचं बाजारी खाद्य. सशावरच्या मांजरांची शी अधिक घट्ट आणि छान झाली, त्या आवडीने खात होत्या, दिसायलाही उत्तम. काही महिन्यांनी त्यांतली एक अचानक मेली. तिच्या हृदयाचा स्नायू टॉरिन या अमिनो आम्लाच्या अभावाने निकामी झाला होता, आणि बाकीच्यांच्या रक्तातलं टॉरिनही घसरलेलं निघालं. टॉरिन पुरवल्यावर ते सुधारलं. टॉरिन मांजरीला स्वतः पुरेसं बनवता येत नाही आणि त्याच्या अभावाने हृदय फुगतं, हे पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं. तेव्हा गुन्हेगार बाजारी डबाबंद खाद्यच होतं, आणि त्यानंतर त्या कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. सशाचा प्रयोग सांगतो की अख्ख्या, ताज्या, कच्च्या शिकारीनेही ते आपोआप भरून येत नाही. दळताना आणि साठवताना टॉरिन कमी होतं. गोठवलेलं पाकीट वितळवून आपण जे लाल पाणी ओतून टाकतो त्यात टॉरिनही विरघळून जातं.

मांजरीचं शरीर मुळातच आडमुठं आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून तिला अ जीवनसत्त्व करता येत नाही, ते तयारच लागतं. अॅराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्लही प्राणिज चरबीतूनच लागतं. तारलीच्या कुळातल्या अनेक कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारं थायमिनेज असतं. रोज तसे मासे खाणारी मांजर एक दिवस मान छातीवर टाकून बसते, मग झटके येतात. शिजवल्यावर थायमिनेज निष्क्रिय होतं. कोकणात आणि मुंबईत मासळी बाजाराजवळ राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

‘संपूर्ण आहार’ या शिक्क्याचं वजन किती? युरोपात ‘संपूर्ण’ आणि ‘पूरक’ या शब्दांना कायद्याने अर्थ आहे. अमेरिकेत ‘संपूर्ण आणि संतुलित’ म्हणायचं तर एक तर पोषकांचं कोष्टक भरून दाखवावं लागतं, नाहीतर प्रत्यक्ष खाऊ घालून चाचणी घ्यावी लागते. प्रौढ कुत्र्यांची ही चाचणी २६ आठवड्यांची, किमान आठ कुत्र्यांवर होते. तीही फार कडक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे, पण छोट्या विक्रेत्याचं प्रत्येक पाकीट बाजारात येण्याआधी कोणी पोषणासाठी तपासतं अशी व्यवस्था नाही. त्यामुळे पाकिटावरचा ‘संपूर्ण’ हा शब्द बहुतेक वेळा विक्रेत्याचा स्वतःचा असतो. २००१ मध्ये फ्रीमन आणि मिशेल यांनी अमेरिकेत पाच कच्चे आहार तपासले, तीन घरगुती आणि दोन विकतचे. पाचही आहारांत कुठे ना कुठे असंतुलन निघालं. जर्मनीत २०११ मध्ये डिलिट्झर आणि सहकाऱ्यांनी घरी केलेल्या ९५ कच्च्या आहारांचा हिशेब मांडला, तेव्हा ६० टक्क्यांत मोठी तफावत होती. हे घरगुती होते हे खरं, पण ज्या कोष्टकांवरून ते केले जातात त्याच कोष्टकांवर आपल्याकडची बरीच पाकिटं भरली जातात.

दाण्यांची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘संपूर्ण’ म्हणवणाऱ्या ९७ ओल्या आणि ८० कोरड्या खाद्यांतली खनिजं मोजली. युरोपीय मार्गदर्शक पातळ्या सगळ्याच्या सगळ्या पाळणारी ओल्यांत ६ टक्के आणि कोरड्यांत ३८ टक्केच निघाली. प्रक्रियेच्या उष्णतेने लायसिन या अमिनो आम्लाचा काही भाग निकामी होतो हेही खरं. तरी नामांकित कोरड्या खाद्यात खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण मोजून घातलेलं असतं आणि चुका सहसा मर्यादेच्या आसपासच्या असतात. नुसत्या चिकन-हाड मिश्रणात काही पोषकं गरजेच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली असतात. आणि ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही’ हा दावा तर सोडूनच द्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवण्याशी संबंधित जनुकांत कुत्रा स्पष्टपणे वेगळा झालेला आहे. आपल्या गावातली कुत्री भाकरीवर पिढ्यान्पिढ्या जगली, ती अशीच. कच्च्या मांसातली ‘जिवंत एन्झाइम्स’ पचनाला मदत करतात हेही खरं नाही. पचनाची एन्झाइम्स कुत्र्याचं स्वादुपिंड बनवतं, मांसातली जठरातल्या आम्लातच नष्ट होतात.

प्रश्न पोषणाचा होता, पण जंतूंबद्दल न बोलता हे उत्तर पुरं करणं मला योग्य वाटत नाही. गोठवल्याने काही परजीवी मरतात, जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. नेदरलँड्समध्ये २०१८ च्या अभ्यासात बाजारातली ३५ गोठवलेली कच्ची पाकिटं तपासली. ७ मध्ये साल्मोनेला, १९ मध्ये लिस्टेरिया आणि २८ मध्ये महत्त्वाच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा ई. कोलाय सापडला. मेलबर्नमध्ये त्याच वर्षी कुत्र्यांच्या एका लकव्याचा अभ्यास झाला. मागच्या पायांपासून वर चढत जाणारा हा लकवा माणसांतल्या गिलां-बारे सिंड्रोमसारखा, म्हणजे जीबीएससारखा असतो. ज्यांना तो झाला त्यांच्यात कच्चं चिकन खाणारी कुत्री ठळकपणे जास्त होती आणि त्यांच्या शीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू जास्त सापडला. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जिवाणू मिळाला होता, त्यामुळे पुणेकरांना त्याचं नाव नवं नसावं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वयस्कर माणसं किंवा केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर माझ्या मते कच्च्या पाकिटाचा विषय तिथेच संपतो.

मांजरीला ठाम नकार देण्याचं ताजं कारण बर्ड फ्लू. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एक घरातच राहणारी मांजर एच५एन१ ने मेली, आणि तिने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या खाद्यात तोच विषाणू सापडला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं, आणि संशय खाण्यातल्या कोंबडीच्या मांसावर होता. लगेच नंतर शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा विषाणू मिळाला. मार्जारकुळाला तो फार वेगाने मारतो. पोल्ट्रीचं मांस नीट शिजवलं की तो नष्ट होतो, त्यामुळे हा धोका पत्करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

कुत्रा प्रौढ आणि निरोगी आहे, घरात जोखमीचं कोणी नाही आणि तरी कच्चंच द्यायचं आहे असं ठरवणारे लोक असतात. त्यांच्याशी मी भांडत बसत नाही, विक्रेत्याला काय विचारायचं ते सांगते. मिश्रण कोणी बसवलं? पशुपोषणात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी, ‘अनेक वर्षांचा अनुभव’ पुरत नाही. तयार मालाचं पूर्ण पृथक्करण आहे का, हजार कॅलरीमागे? फक्त प्रथिनं-स्निग्ध-पाणी दाखवणारा कागद उपयोगाचा नाही. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन, अ, ड, ई दिसले पाहिजेत. जंतू मारण्यासाठी उच्च दाबाची प्रक्रिया केली आहे का, आणि प्रत्येक खेपेची साल्मोनेला-लिस्टेरिया तपासणी होते का? घटकांच्या यादीत कुठेच खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण, आयोडीनचा स्रोत किंवा ई जीवनसत्त्व नसेल, तर ‘संपूर्ण’ हा शब्द खोटा आहे असं खुशाल धरा. चांगला उत्पादक ही माहिती आनंदाने देतो. जो ‘निसर्गावर विश्वास ठेवा’ असं म्हणतो, त्याच्याकडे ती नसते. शंका राहिली तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि जस्त एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतः तपासून घेता येतं. परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत पशुपोषण विभाग आहेत, ते कागद वाचून मत देऊ शकतात.

आता फ्रीझरमधल्या तुमच्या दहा किलोंचं काय करायचं? टाकून देऊ नका. पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटलीत ठेवून वितळवा, ओट्यावर नको. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. सुटलेल्या पाण्यासकट शिजवा, आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे. कुकरची एक-दोन शिट्टी पुरेशी होते. हाड पिठासारखं बारीक दळलेलं असेल तरच वापरा. बोटाला टोचणारे तुकडे लागत असतील तर गाळून फक्त मांस आणि रस्सा घ्या, कारण शिजलेल्या हाडाचे तुकडे टोकदार फुटतात. मीठ, कांदा, लसूण काही नको. पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं चांगलं कोरडं खाद्य चालू ठेवा आणि वर हे शिजवलेलं मिश्रण दिवसाला साधारण शंभर ग्रॅम द्या. त्याच्या दिवसभराच्या कॅलरींचा दहावा हिस्सा तेवढ्यात येतो, दाणे त्या मानाने थोडे कमी करा. दहा टक्क्यांच्या आत राहिलं तर मूळ खाद्याचा तोल बिघडत नाही. मांजरीला तिच्या ‘संपूर्ण’ ओल्या किंवा कोरड्या खाद्यावर यातलं दोन चमचे चालेल, रश्शासकट, कारण शिजताना सुटलेलं टॉरिन त्या रश्शात असतं.